इथपर्यंत नशीब

काही पुस्तकांचा शेवट पाठ असतो, तरी दर वेळी वाचताना वाटतं की या खेपेला काहीतरी वेगळं होईल. माझ्यापुरती अशी दोन पुस्तकं आहेत. एक थॉमस हार्डीची ‘टेस’ आणि दुसरं आपल्या हरिभाऊ आपट्यांचं ‘पण लक्षात कोण घेतो!’. गेल्या महिन्यात दोन्ही पाठोपाठ वाचली. ‘टेस’ बदलापूर लोकलमध्ये, आणि हरिभाऊ घरी, कारण त्या जाडजूड बाइंडिंगचं ओझं पर्समध्ये मावत नाही. आणि पुन्हा एकदा दोन्हींचा शेवट तोच झाला. :-)

ही दोन पुस्तकं मी एकत्र का वाचते, तर ती जवळजवळ जुळी आहेत म्हणून. हरिभाऊंनी ‘करमणूक’ साप्ताहिक 1890 मध्ये सुरू केलं आणि त्यातून यमूची गोष्ट आठवड्या-आठवड्याला पुण्या-मुंबईच्या घरांत पोचू लागली. पुढच्याच वर्षी, 1891 मध्ये, लंडनच्या ‘ग्राफिक’ साप्ताहिकात टेसची गोष्ट येऊ लागली. राणी एकच, काळ एकच. दोघी पोरसवदा, दोघींना शिकायची आवड, आणि दोघींचं वाटोळं होतं. हरिभाऊंना हार्डी ठाऊक होता की नाही याच्याशी मला काही देणंघेणं नाही. एकाच वर्षी दोन टोकांना दोन पुरुष बसून एकेका बाईची अशी गोष्ट लिहितायत, एवढंच मला पुरतं.

(जाता जाता एक गंमत. ‘ग्राफिक’ हे घरात सगळ्यांनी मिळून वाचायचं साप्ताहिक. त्यामुळे हार्डीला त्यात बरीच काटछाट करावी लागली. पाणी साचलेल्या वाटेवरून नायक चार गवळणींना उचलून पलीकडे नेतो, तिथे साप्ताहिकात त्यानं त्यांना हातगाडीत बसवून नेलं! पुस्तक निघालं तेव्हा हातगाडी गेली आणि गवळणी पुन्हा कडेवर आल्या.)

तर मुद्दा असा. ‘टेस’विषयी कुणाशीही बोला, पहिलं वाक्य येतं, “हार्डी म्हणजे नियती.” कॉलेजात आम्हालाही हेच शिकवलं होतं, आणि त्यासाठी ठरलेला पुरावा म्हणजे ते सतरंजीखालचं पत्र. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेस गरीब घरातली. श्रीमंत घरातला अ‍ॅलेक तिच्यावर जबरदस्ती करतो. मूल होतं, जातं. पुढे एका गोठ्यावर काम करताना एंजल तिच्या प्रेमात पडतो. लग्नाआधी सगळं खरं सांगायचं म्हणून ती पत्र लिहिते आणि त्याच्या दाराखालून आत सरकवते. पत्र जातं ते थेट सतरंजीखाली. त्याला ते मिळतच नाही. लग्नाच्या रात्री तिच्या तोंडून कळतं आणि तो तिला टाकून ब्राझीलला निघून जातो. बाकीची फरफट तिथून.

माझ्या समोर रोज एक आँटी बसायच्या. ही 2006-07 ची गोष्ट. उल्हासनगरला चढायच्या, मुलुंडला लेकीकडे जायच्या. लहानपणी सिंधमधून आलेल्या, कॅम्प चारमध्ये वाढलेल्या. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत निर्वासितांना ठेवलं आणि 1949 मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मी काय वाचते याची त्यांना फार चौकशी. मी ‘टेस’ रोज थोडी थोडी त्यांना सांगायची, सीरियलसारखी. सतरंजीचा भाग आला त्या दिवशी डब्यातल्या सगळ्या बायका हळहळल्या, “नशीब हो नशीब.” आँटी तेवढ्या गप्प. थोड्या वेळानं विचारलं, “चिठ्ठी नहीं मिली, तो मुँह से नहीं बोली?”

मी घरी जाऊन ती पानं पुन्हा काढली. आणि पाहते तर काय, ती बोलायला जाते! हे मी साफ विसरले होते, आणि माझ्यासारखे बरेच जण विसरतात. लग्नाच्या दिवशी सकाळी टेसला ते पत्र सतरंजीखाली न फोडलेलं सापडतं. म्हणजे नियतीनं केलेली खोडी वेळेत उघडकीला येते. ती त्याला गाठून म्हणते, मला माझ्या चुका सांगायच्या आहेत. आणि एंजल ते हसण्यावारी नेतो, आज नको, नंतर निवांत बोलू म्हणतो.

म्हणजे सतरंजीनं चार-सहा दिवस खाल्ले. उरलेलं आयुष्य एका माणसाच्या ‘आज नको’नं खाल्लं.

आणि त्याच रात्री एंजल आधी स्वतःचा कबुलीजबाब देतो, लंडनमध्ये एका अनोळखी बाईबरोबर काढलेल्या दोन दिवसांचा. टेस क्षणात माफ करते. मग ती आपलं सांगते, आणि त्याच्या लेखी ती दुसरीच कुणी बाई होऊन जाते. यात नियती कुठे आली? तेव्हापासून मला वाचायची एक सवय लागली. कुणी ‘नशीब’ म्हटलं की मी पेन्सिल घेते आणि समासात एक रेघ मारते. इथपर्यंत नशीब. इथून पुढे माणसं. टेसच्या हातून रात्रीच्या अंधारात गाडीचा घोडा मरतो, ते नशीब म्हणा. पण घरात पैसा नाही म्हणून पोरीला नटवून त्या श्रीमंत घरी धाडायचं हे आईबापांनी ठरवलं. घोडा काही तसं सांगून मेला नव्हता.

हीच पेन्सिल घेऊन हरिभाऊ वाचा. रेघ इतकी ठळक पडते की लेखकानं ती स्वतःच मारून ठेवल्यासारखी वाटते.

यमूचं लग्न लहानपणीच होतं. सासर कर्मठ, पण नवरा, रघुनाथराव, शिकलेला आणि भला. मुंबईला बिऱ्हाड होतं तेव्हा तिला वाचायला मिळतं, मोकळेपणी बोलायला मिळतं, नवऱ्याबरोबर हिंडायला मिळतं. ती पानं वाचताना मला नेहमी धास्ती वाटते, कारण सुख इतक्या बारकाईनं लिहिलंय की ते टिकणार नाही हे कळतं. मग रघुनाथराव आजारी पडून जातात. इथपर्यंत नशीब. साथी होत्या, औषधं नव्हती, माणसं मरायची. त्याबद्दल कुणाला धरणार?

पण त्यानंतर यमूचं जे होतं ते आजारानं होत नाही. तिला पुन्हा सासरी नेलं जातं, आणि शंकरमामंजी तिची इच्छा नसताना, धरून, तिचं केशवपन करवतात. घरातली माणसं अर्थातच तिचं नशीब काढतात. हरिभाऊ मात्र माणसं दाखवत राहतात. सगळी गोष्ट यमूच्याच तोंडून आहे. तिला मोठे शब्द येत नाहीत, ती कुणावर आरोपपत्र ठेवत नाही, पण कोण काय बोललं हे एकूण एक लक्षात ठेवते. त्या काळच्या एका पंचविशीच्या पुरुषाला हे बायकी बोलणं इतकं कसं सापडलं याचं मला अजून नवल वाटतं.

आता न्यायाचं बघू. विधवाविवाहाचा कायदा जुलै 1856 चा. म्हणजे यमूची गोष्ट छापून येऊ लागली तेव्हा कायदा चौतीस वर्षांचा घोडा झाला होता! यमूनं पुन्हा लग्न केलं असतं तर सरकारच्या लेखी ते वैध होतं. माणसावर त्याच्या मर्जीविरुद्ध बळजबरी करणं 1860 च्या दंडसंहितेतही गुन्हाच होतं. कायदे सगळे होते. वाड्याच्या दिंडीदरवाजापाशी येऊन थांबले होते.

कायदा झाल्यावर लगेच, 1857 मध्ये, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. मराठीतली पहिली सामाजिक कादंबरी. तिथल्या नायिकेचं नावही यमुनाच. तीही विधवा होते. पण ती ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते आणि संसाराला लागते. पदमनजी मिशनरी वळणाचे, त्यांनी आपल्या यमुनेला सुटकेची वाट दिली ती आपल्या श्रद्धेप्रमाणे दिली. हरिभाऊंच्या यमूला तसली कुठलीच वाट मिळत नाही. मला पूर्वी वाटायचं की हरिभाऊंनी कंजुषी केली. एवढं लिहिलं तर शेवटी तिला थोडं सुख द्यायला काय हरकत होती? आता तसं वाटत नाही. ‘करमणूक’ वाचणाऱ्या घराघरांत तेव्हा माजघरात एखादी यमू बसलेली होती. तिला पुस्तकात सोडवून टाकलं असतं तर वाचणाऱ्याला हायसं वाटलं असतं, आणि माजघरात डोकवायची गरज उरली नसती.

1856 वरून आठवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडात डॉर्चेस्टरला मार्था ब्राऊन नावाच्या बाईला जाहीर फाशी झाली. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला तिनं ठार केलं होतं. बघ्यांच्या गर्दीत सोळा वर्षांचा हार्डी उभा होता, आणि ते दृश्य त्याच्या डोळ्यांसमोरून आयुष्यभर हललं नाही. पस्तीस वर्षांनी त्याची टेस अ‍ॅलेकला मारते, स्टोनहेंजच्या दगडांत पकडली जाते आणि फासावर जाते. अख्ख्या कादंबरीत कायदा टेसच्या समोर येतो तो असा शेवटी, पहाटे, तिला न्यायला. ती सोळा-सतराची असताना जे घडलं तेव्हा तो कुठेच नव्हता. खरं तर इंग्लंडात संमतिवयाचा कायदा 1885 मध्ये तेरावरून सोळावर आणला होता. आपल्याकडे 1891 मध्ये तेच वय दहाचं बारा करायचं म्हटलं तर पुण्यात केवढं रण माजलं! ‘करमणूक’चे वाचक यमूची प्रकरणं वाचत होते त्याच दिवसांत हा गोंधळ चालू होता.

आणि बाई स्वतः कायद्याच्या दारात गेली तर? तेही झालं होतं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं, मोठ्या झाल्यावर त्यांनी त्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. नवऱ्यानं 1884 मध्ये मुंबईत दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी 1885 मध्ये तिच्या बाजूनं निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई म्हणाली, तुरुंगात जाते. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेला आणि राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि 1955 मध्ये, नव्वदी ओलांडून, गेल्या. कादंबरीत हा शेवट लिहिला असता तर समीक्षकांनी ‘योगायोगाचा अतिरेक’ म्हटलं असतं!

आता थोडं जवळचं, आणि अवघड. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

20 ऑगस्ट 2024 ला आमच्या बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले. शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं होतं. गाड्या जवळजवळ दिवसभर बंद होत्या. मी अंबरनाथला अडकले होते, फोनवर सगळं बघत होते. एकच घोषणा होती, फाशी द्या. मी तिथे असते तर कदाचित मीही तेच ओरडले असते. आरोपी पुढच्याच महिन्यात पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. खटला उभा राहिलाच नाही. काहींनी आनंद साजरा केला, आणि मग त्या गोळीबाराचीच चौकशी सुरू झाली.

मला तेव्हा राहून राहून टेस आठवत होती. अ‍ॅलेकला सुरी लागते त्या पानावर वाचकाला बरं वाटतं. मला दर वेळी वाटतं, खोटं कशाला बोलू. पण ते पान उलटलं की काही सुटलेलं नसतं. रुळांवर लोक का उतरले होते? एका माणसावरच्या रागापायी उतरले, तसेच पोरींच्या आईबापांना गुन्हा नोंदवायला तासन्‌तास ताटकळत बसावं लागलं म्हणूनही उतरले. उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली आणि या उशिराबद्दल पोलिसांना फटकारलं. आता तिथे पेन्सिल ठेवा. ते तास काही नशिबाचे नव्हते. कुणीतरी खुर्चीत बसून ‘थांबा’ म्हणत होतं. एंजलच्या ‘आज नको’सारखंच ते. आणि फाशी झाली असती तरी किंवा गोळी लागली तरी, त्या ‘थांबा’चा हिशेब त्यात येत नाही. जो शेवट सगळ्यांना दिसतो त्यालाच आपण न्याय म्हणतो. मधली माणसं सटकतात.

हे सगळं काळंकुट्ट होत चाललंय, म्हणून एक वेगळी गोष्ट सांगते, खरी घडलेली. 1890 मध्ये, म्हणजे यमूची गोष्ट सुरू झाली त्याच वर्षी, मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं की आपण यापुढे विधवांचे केस कापायचे नाहीत. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं हे झालं. विचार करा. शास्त्री वाद घालतायत, वर्तमानपत्रं भांडतायत, कायदा दिंडीदरवाजाबाहेर उभा आहे, आणि वस्तरा ज्याच्या हातात तो म्हणतो, मी नाही करणार. त्याची रोजी त्याच्यावर, त्याची जात वाड्यातल्यांच्या खालची, आणि त्याला ती कृती दिसली ती आपल्या हातून होणारी कृती म्हणून दिसली. ‘पद्धत’ म्हणून नाही. मला तो ठराव कुठल्याही कादंबरीतल्या न्यायापेक्षा मोठा वाटतो.

घरच्या मंडळींपैकी बरेच जण इथे वाचतात, म्हणून हेही लिहिते. आमच्या अंबरनाथच्या घरी, आजोबा विमकोत कामाला लागल्यावर घेतलेल्या त्या दोन खोल्यांत, भिंतीवर एक फोटो होता. आजोबांची आत्या. अंगावर अलवण, डोक्यावरून पदर. तेराव्या-चौदाव्या वर्षी नवरा गेला. आजोबांना तिनंच वाढवलं. आम्ही तिला पाहिलेलं नाही, पण फोटोखालून जाताना घरातलं प्रत्येक मोठं माणूस एकदा तरी म्हणायचं, “बिचारीचं नशीब.” ती गेल्यावर तिच्या पेटीत दोन लुगडी, जपाची माळ आणि एक लाकडी फणी सापडली, असं आई सांगते. फणी कशासाठी जपून ठेवली असेल यावर आमच्याकडे कुणी कधी बोललेलं नाही.

नवरा गेला हे नशीब. मान्य. पण त्यानंतर एका सकाळी अंगणात पाट मांडला गेला असेल. कुणीतरी तिला हाताला धरून आणलं असेल. मी मोठ्या काकांना एकदा विचारलं की न्हाव्याला निरोप कुणी धाडला होता? तिच्या वडिलांनी, की सासऱ्यांनी? काका म्हणाले, “अगं, तेव्हा तशी पद्धतच होती.” मी म्हटलं, “पद्धत चालत गेली का न्हाव्याकडे?” काकांना ते आवडलं नाही. चहा आला आणि विषय बदलला.

मला कुणाला शिक्षा करायची नाही. करायला आहे कोण आता? ज्यानं निरोप धाडला तोही फोटोच्या चौकटीत गेला, त्याला हार घालून आपण नमस्कारही करत असू. फक्त मला ते नाव हवंय. यमूनं निदान आपल्या पुस्तकात सगळ्यांची नावं लिहून ठेवली. काका आता चौऱ्याऐंशीचे आहेत आणि जुन्या गोष्टी त्यांना अजून लख्ख आठवतात. दिवाळीत जाणार आहे. या वेळी चहा झाल्यावर विचारीन.